तिसऱ्या पायरीवरची बाई

बर्मिंगहॅममध्ये मला महत्त्वाकांक्षा नाही, हे शास्त्रीय पद्धतीनं सिद्ध झालेलं आहे. कुणी टोमणा मारला, सासूबाईंनी सुचवलं, असलं काही नाही. चक्क तक्ता लावून, रंगीत खडूनं, कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये, चहाच्या साक्षीनं. सिद्ध करणारे गृहस्थ नुकतेच विद्यापीठातून बाहेर पडलेले मानसशास्त्रज्ञ होते. गालांवर दाट कल्ले, आणि टाय इतका रुंद की त्यावर पोळी लाटता आली असती.

पण शास्त्राकडे वळण्याआधी गुन्हा काय घडला होता ते सांगते.

दशमान नाण्यांनी सगळ्या इंग्लंडला गोंधळात टाकलं होतं, त्या सुमाराची ही गोष्ट. मी पुण्याहून पदार्थविज्ञानाची पदवी आणि तीन नऊवारी घेऊन इकडे आले होते. आमचे हे इस्पितळात डॉक्टर. पहिला हिवाळा मी घरातल्या वॉलपेपरशी गप्पा मारत काढला. दुसऱ्या हिवाळ्यात वॉलपेपर उत्तरं देईल की काय अशी भीती वाटली, म्हणून नोकरी धरली. कारखाना प्रेशर गेज बनवायचा. बॉयलरवर किंवा वाफेच्या मोठ्या भांड्यावर जो गोल, काटेवाला मीटर असतो ना, तो. मी टेस्ट रूममध्ये होते. तयार झालेलं प्रत्येक गेज पंपाला जोडायचं, शेजारी खात्रीचं गेज ठेवायचं, दोन्ही काटे एकच आकडा दाखवतात का ते पाहायचं. दाखवला तर पास, नाही तर माघारी.

टेस्ट रूमचे जुने इन-चार्ज त्या वसंतात निवृत्त होऊन बायकोबरोबर समुद्रकाठी राहायला गेले. शेवटचं वर्षभर त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला होता, त्यामुळे खुर्ची त्यांची आणि नजर माझी असा कारभार चालला होता. ती जागा मला मिळणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला तर इतकं ठाऊक होतं की मनातल्या मनात मी त्यांची खुर्ची खिडकीकडे फिरवलीसुद्धा होती.

आणि एका सकाळी मॅनेजरसाहेब पॅसेजमध्ये भेटले. उंच, मितभाषी गृहस्थ. थांबले, घसा साफ केला आणि म्हणाले, "टेस्ट रूम तुमच्याकडे द्यावी असा विचार आहे. तुम्हाला आवडेल का?"

रंगमंचावर असते तर इथे तुतारी वाजली असती. मी काय म्हटलं?

मी म्हटलं, "छे, छे! मी कसली! माझ्याहून जुन्या बायका आहेत. मला कुठलं जमायला!"

वाचकहो, तुम्हाला कळलं ना मी 'हो' म्हणाले ते? आपल्यात कुणालाही कळलं असतं. दुसऱ्याच्या घरी लाडवाची बशी पुढे आली की नको म्हणायचं, हे आईनं मला नुसत्या डोळ्यांनी शिकवलं होतं. बशी परत आली की "आत्ताच जेवून आले" म्हणायचं. तिसऱ्यांदा यजमानीण लाडू हातात कोंबते, तेव्हा "बरं बाई, तुमच्या आग्रहाखातर, पण अर्धाच" असं म्हणून अख्खा खायचा. पहिल्याच फेरीत हात पुढे करणारं पोर हावरट, आणि हावरट पोराच्या आईचा उद्धार गल्लीभर. मी पहिल्या फेरीतला नकार दिला होता. नम्र, घरंदाज, सुरेख नकार. आता साहेबांनी "अहो, असं काय करता!" म्हणायचं होतं.

साहेब म्हणाले, "इतकं मोकळेपणानं सांगितलंत, आभारी आहे." आणि गेले.

मी पॅसेजमध्ये दुसऱ्या फेरीची वाट पाहत उभी! पुढचे कित्येक दिवस मी काही ना काही निमित्तानं त्यांच्या खोलीवरून जात होते. अखेर एकदा ते दार उघडून काळजीनं म्हणाले, "तुमचं काही हरवलंय का?"

हरवलंच होतं. आठवड्याअखेर बातमी आली की टेस्ट रूम पॅकिंगमधल्या एका लालबुंद, आनंदी गृहस्थांकडे दिली आहे. त्यांनी म्हणे साहेबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत होकार दिला होता. नेमणूक तात्पुरती, उन्हाळा संपताना कायम करायचं की नाही ते ठरणार.

घरी येऊन मी पर्स आपटली.

"अहो, ऐकलंत का? त्यांनी परत विचारलंच नाही!"

"परत कशाला विचारतील? तू नको म्हणालीस ना?"

"मग काय लगेच हो म्हणू? अधाशासारखं?"

"अगं, मला इस्पितळात पहिल्या दिवशी चहा विचारला, मी नको म्हटलं. तेव्हापासून त्या वॉर्डात मला कुणी चहा विचारत नाही. त्यांना वाटतं, डॉक्टरांना चहा वर्ज्य आहे."

"आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?"

"तू विचारलंस कुठे?"

टेस्ट रूममध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर एक अस्सल बर्मिंगहॅमची बाई बसायची. जगातल्या प्रत्येक माणसाला ती 'बॅब' म्हणायची. तिथला तो लाडाचा शब्द. तिला मी सारी हकिगत सांगितली तेव्हा तिचा सँडविचचा हात हवेतच थांबला.

"थांब, बॅब. तुला हवं होतं?"

"अर्थात."

"आणि तू नको म्हणालीस?"

"अर्थात."

"मग माझ्या नवऱ्यानं लग्नाचं विचारलं तेव्हा मी तुझ्यासारखं बोलले असते, तर आज मी आईकडेच भांडी घासत असते! इथे एकदा विचारतात, बॅब. फार तर एकदा. कधीकधी तेवढंही नाही."

मानसशास्त्रज्ञ आमच्या आयुष्यात आले ते याच मुहूर्तावर. माणसं काम का करतात, हे शोधायला कंपनीनं त्यांना नेमलं होतं. आम्ही म्हटलं, आम्हाला विचारा, आठवड्याच्या शेवटी पगार मिळतो म्हणून करतो. पण ते हसले आणि कॅन्टीनच्या भिंतीवर त्यांनी एक मोठा त्रिकोण लावला. त्रिकोणाला आडव्या पाच पायऱ्या. सगळ्यात खाली पोट: अन्न, पाणी, ऊब. त्यावर सुरक्षितता. तिसऱ्या पायरीवर आपुलकी: आपली माणसं, मैत्री. चौथीवर मान. आणि अगदी टोकावर, जिथे जेमतेम एक माणूस मावेल, तिथे स्वतः जे व्हायला जन्मलो ते पूर्णपणे होणं. खालची पायरी भरल्याशिवाय वरची हाक ऐकू येत नाही, असा सिद्धान्त. त्रिकोण देखणा होता, आणि ते गृहस्थ तो अशा प्रेमानं समजावून सांगत की मला त्यांना वाटीभर खीर द्यावीशी वाटली.

मग त्यांनी एकेकाला बोलावून प्रश्न विचारले. माझी मुलाखत अशी झाली:

"पाच वर्षांनी आपण कुठे असाल असं वाटतं?"

"देवाला ठाऊक."

"आपण इतरांपेक्षा चांगलं काम करता का?"

"छे, छे! सगळ्याच चांगलं करतात."

"लोकांनी आपलं कौतुक करावं असं वाटतं?"

"इश्श!"

'इश्श'चं इंग्रजी मला करता आलं नाही, म्हणून मी नुसतं लाजून खाली पाहिलं. त्यांनी खूश होऊन वहीत टिपण केलं. दोन दिवसांनी कॅन्टीनमध्ये त्यांनी मला त्रिकोणाजवळ नेलं आणि अभिनंदनच केलं. "तुम्ही तिसऱ्या पायरीचा सुंदर नमुना आहात. आपुलकीत तृप्त. वर चढायची तगमगच नाही!"

तगमग नाही! माझ्या घशात कस्टर्ड अडकलं. आतून मी चौथी पायरी दातांनी धरून लोंबकळत होते, आणि हे सद्गृहस्थ मला तिसरीवर उशी देऊन बसवत होते. वर त्यांनी गोड आवाजात सांगितलं की उन्हाळ्याअखेर टेस्ट रूमबद्दल साहेबांना सल्ला तेच देणार आहेत. म्हणजे माझी जागा आता त्या त्रिकोणात अडकली होती.

त्या शनिवारी मी सार्वजनिक वाचनालयातून प्रेरणेवरची दिसतील तेवढी पुस्तकं उचलून आणली. काय एकेक मतं! एक पंथ म्हणतो माणूस उंदरासारखा आहे; बक्षीस द्या, तीच करामत पुन्हा करेल. दुसरा म्हणतो माणूस मुळात आळशी, त्याला पहारा हवा. तिसरा म्हणतो मुळात कामसू, त्याला मोकळीक हवी. चौथा म्हणतो पगारानं कुरकुर थांबते, पण हुरूप येतो तो कामातूनच.

मी शास्त्रीय वृत्तीची बाई. प्रयोगासाठी घरात एक नर उपलब्ध होता. त्यांनी कपबशा धुतल्या की मी दर वेळी मूठभर शंकरपाळे देऊ लागले. पहिला आठवडा स्वर्ग! कपबशा लखलखल्या. दुसऱ्या आठवड्यात हे धुण्यासाठी मुद्दाम दोन कप जास्त वापरायला लागले. तिसऱ्या आठवड्यात डबा संपला आणि कप जिथल्या तिथे.

"अहो, कप!"

"शंकरपाळे?"

"पूर्वी तर नुसतं सांगितलं की धूत होता!"

"पूर्वी मी नवरा होतो. आता उंदीर आहे."

त्यांनी ते पुस्तक वाचलं होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

पण त्रिकोणावर माझा खरा आक्षेप वेगळाच होता, आणि तो मला पोळ्या लाटताना सुचला. आधी पोट आणि मग मान? आपल्याकडचं एक तरी लग्न यांनी पाहिलं असतं तर! वरपक्षाचा काका. पहाटेपासून उपाशी. समोर जिलबी, मठ्ठा, मसालेभात. आणि कुणीतरी चुकून त्याच्या धाकट्या भावाला आधी गंध लावलं. काका ताटावरून उठतो! पोटात कावळे ओरडताहेत आणि काका मांडवाच्या दारात पाठ करून उभा, मान मिळेपर्यंत अन्नाला शिवणार नाही. आणि मनातून त्याला जेवायचंच असतं. वधूचा बाप हात जोडून तिसऱ्यांदा येईल तोवर तो फक्त 'नाही' म्हणणार असतो. एक काका आणून उभा केला असता तर अख्खा त्रिकोण डोक्यावर उभा राहिला असता.

काका इंग्लंडात मिळणं शक्य नव्हतं. मग मी ठरवलं, मानसशास्त्रज्ञांनाच काका करायचं. त्यांना रविवारी दुपारी जेवायला बोलावलं. त्यांनी पहिल्या बोलावण्याला "नक्की, आनंदानं" असं उत्तर दिलं, तेव्हा मला पुन्हा एकदा धक्का बसला. काय हा निर्लज्जपणा, आणि किती सोयीचा!

श्रीखंडाचा चक्का दोन दिवस बाथटबच्या नळाला टांगला होता, त्यामुळे आंघोळी बेसिनवर उरकल्या. पुऱ्या, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, वरण-भात. बर्मिंगहॅमच्या वेशीत असा बेत आधी झाला असेल असं मला वाटत नाही. आमचे हे आग्रहाच्या खात्याला. हातात पुऱ्यांची चाळणी घेऊन उभे राहिले की ते साक्षात यमधर्म दिसतात.

आता गंमत पाहा. इंग्लिश घरातलं शिस्तीचं मूल पानात काही टाकत नाही. आपल्याकडे रिकामं पान म्हणजे यजमानाची बेअब्रू. ही दोन संस्कृतींची गाठ माझ्या डायनिंग टेबलावर पडली आणि न थांबणारं यंत्र सुरू झालं. पाहुणे पान साफ करत, हे वाढत.

"नको, खरंच पोट भरलं."

"एकच."

"अप्रतिम आहे, पण नको."

"ही छोटी आहे."

पाहुणे खात. पान रिकामं. पुरी हजर. त्यांनी टाय सैल केला, मग जॅकेट काढलं. श्रीखंडाच्या तिसऱ्या वाटीला त्यांच्या कल्ल्यांना घाम फुटला. अखेर त्यांनी वाटीवर हात ठेवला आणि अगदी कळवळून विचारलं, "मी नको म्हणतोय, तरी तुम्ही का वाढताय?"

"तुम्ही दोनदाच म्हणालात," हे शांतपणे म्हणाले. "दोनदा तर सगळेच म्हणतात."

"मग खरोखर नको असलं तर?"

"तर माणूस पानावर आडवा होतो. वाढप्याला मनगटाला धरून थांबवतो. बायकोची शपथ घालतो. तुम्ही तर नुसतं बोलताय."

मी चमचा खाली ठेवला. माझा प्रवेश आला होता.

"आमच्यात पहिला नकार हा नकार नसतो," मी म्हटलं. "ती प्रस्तावना असते. हवंय हे पहिल्यांदा म्हणणं असभ्य. आता मला सांगा, वसंतात पॅसेजमध्ये साहेबांनी मला टेस्ट रूम हवी का विचारलं, आणि मी म्हटलं, छे, छे, मी कसली. साहेबांनी किती पुऱ्या वाढल्या?"

मानसशास्त्रज्ञ माझ्याकडे पाहत राहिले. मग पुऱ्यांकडे. मग वाटीवरच्या आपल्या हाताकडे.

"अरे देवा," ते पुटपुटले. "एकही नाही."

"आणि तुम्ही मला विचारलंत, कौतुक आवडतं का."

"तुम्ही लाजलात."

"मग? त्याचा अर्थ प्रचंड आवडतं!"

ते हसायला लागले ते थांबेचनात. इतकं खाल्ल्यावर हसू नये, डॉक्टर समोर होते म्हणून निभावलं. मग मी त्यांना लग्नातला काका ऐकवला, अभिनयासह, दारात पाठ करून. त्यांनी टेबलावरच्या कागदी रुमालावर त्रिकोण काढला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "मान पोटाच्या खाली कसा जाईल?" असं स्वतःशीच म्हणत राहिले. माणूस प्रामाणिक. निघताना दारात म्हणाले, "मी साहेबांना सांगेन की माझं माप चुकलं. मुलाखतीला तुम्हाला बोलावतील. पण एक लक्षात ठेवा. तिथे पुऱ्या नसतील. त्यांनी विचारलं, की तुम्हाला पहिल्याच वेळी हो म्हणावं लागेल. जमेल?"

"छे, छे," मी म्हणाले, आणि जीभ चावली.

तयारी सुरू झाली. माझ्या टेबलशेजारणीनं मला धडे दिले. डब्याच्या सुट्टीत ती साहेब व्हायची.

"तुम्हाला ही जागा हवी आहे का?"

"आपण म्हणत असाल तर..."

"फेल! पुन्हा. हवी आहे का?"

"माझ्या परीनं प्रयत्न..."

"अगं बॅब, मी तुला गेज माघारी पाठवते तसं पाठवीन हं! हवी आहे का?"

"हवी," मी कुजबुजले.

"काय? बॉयलरची वाफ सुटलीय, ऐकू येत नाही!"

"हवी आहे!" मी ओरडले, आणि सगळ्या टेबलांवरच्या बायकांनी वळून पाहिलं. कानशिलं तापली. पण कुणी मला हावरट म्हटलं नाही. एकीनं तर "बरोबर आहे" म्हणून केक दिला. मी तो एका फटक्यात घेतला.

मुलाखतीच्या दिवशी मी मोरपंखी साडी नेसले. नऊवारीचाही विचार केला होता, पण वाटलं, प्रतिपक्षाला थोडी तरी संधी असावी. टेबलापलीकडे साहेब, बाजूला मानसशास्त्रज्ञ, चेहरा कोरा, पण टाय आधीच्याहूनही रुंद.

साहेबांनी तोच घसा तसाच साफ केला. "तुम्हाला टेस्ट रूमची जागा हवी आहे का?"

माझ्या घशाशी एक सबंध खानदान येऊन उभं राहिलं. आई डोळे वटारून. मावशी पदर तोंडाला लावून. सगळ्या जणी म्हणत होत्या, एकदा तरी नको म्हण गं! मी त्या सगळ्यांना मनातल्या मनात बाजूला सारलं.

"हवी आहे," मी म्हटलं.

"का बरं?"

हे मात्र धड्यात नव्हतं. आता आपल्या तोंडानं आपली स्तुती करायची होती. म्हणजे पहिल्या डोंगरामागे दुसरा, आणि तो अधिक उंच. पण एकदा वेग घेतलेला माणूस थांबत नाही.

"कारण त्या खोलीत हे काम माझ्याइतकं चांगलं कुणालाच येत नाही," मी म्हटलं. "जुन्या इन-चार्जच्या शेवटच्या वर्षी ती खोली मीच चालवली. चुकीचं गेज मला हातात घेतल्याबरोबर कळतं, आणि ते माघारी पाठवताना मी कुणालाही घाबरत नाही. मला ते काम आवडतं. त्याचा मान मला हवाय, आणि त्याचा पगारही हवाय."

 वाक्य कुठून आलं ते मलाच कळेना, पण ते माझं होतं आणि खणखणीत होतं.

साहेब खुर्चीत मागे रेलले. नोकरी धरल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. "मला वाटलं होतं, तुम्हाला ते काम नकोय. फार वाईट वाटलं होतं," ते म्हणाले. "सोमवारपासून सुरुवात करा." मानसशास्त्रज्ञांनी टेबलाखालून अंगठा वर केला, तो मला दिसला.

सोमवारी मी खोलीत शिरले तेव्हा पहिला ट्रे घेऊन दारात कोण? पॅकिंगमधले ते लालबुंद गृहस्थ. आपल्या खोक्यांकडे परत गेल्यानं ते मनापासून सुखी दिसत होते.

"बाहेर गाडी उभी आहे," ते म्हणाले. "गिऱ्हाईक घाईत आहे. हा ट्रे जरा सांभाळून घ्या, बॅब. आज पहिला दिवस आहे तुमचा, गोड करा."

मी एक गेज पंपाला जोडलं. वाचण्याआधी काचेवर नखानं टिचकी मारायची असते, म्हणजे अडकलेला काटा जागचा हलतो. मी टिचकी मारली. काटा एवढीशी उडी मारून सरकला. दुसरं घेतलं, तोच प्रकार. तिसरंही तसंच. चांगल्या गेजचा काटा टिचकीनं असा उडत नाही; हे काटे बनवतानाच कुठेतरी घासून अडकत होते.

"सगळा ट्रे माघारी," मी म्हटलं.

"सगळा? अहो, गाडी!"

"गाडी थांबेल. बॉयलर थांबत नाही."

त्यांनी एकदा बाहेरच्या गाडीकडे पाहिलं. मग मान डोलावून त्यांनी ट्रे उचलला आणि मुकाट्यानं निघाले. त्याच क्षणी माझ्या शेजारणीनं आपल्या टेबलावरच्या गेजच्या काचेवर टिचकी मारली. टिक. पलीकडच्या टेबलावरून दुसरी. मग तिसरी. बघता बघता खोलीतली प्रत्येक बाई समोरच्या काचेवर नखं वाजवत होती, टिकटिकटिक, आणि सगळ्या टेबलांवरचे काटे एकदम थरथरत होते. मी मधोमध उभी राहिले, कमरेवर हात ठेवले, आणि त्या टाळ्या शेवटच्या टिचकीपर्यंत मनसोक्त घेतल्या.

"चला," मी म्हटलं, "पुढचा ट्रे आणा."